मधलं नाव

१

मंगळवारी सकाळी साडेदहाला माझ्या टेबलावर एक मेलेला अर्ज येऊन पडला.

तसे आमच्या ऑफिसात अर्ज मरतातच. कुणाचा फोटो जुना निघतो, कुणाच्या दाखल्यावरचा शिक्का पुसट असतो. पण हा अर्ज धडधाकट होता. नवऱ्याकडे परदेशी जाणाऱ्या बायकोचा अर्ज, त्यातला कागद न् कागद मी भाषांतर करून, दोनदा वाचून पाठवला होता. आणि आता व्हिसा कार्यालय कळवत होतं की अर्जदारानं तो स्वतःच्या सहीनं मागे घेतला आहे. दहा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर फाइल बंद. त्यानंतर वर्षभर नवा अर्ज नाही.

"मी मागे घेतलेला नाही," समोर बसलेली अर्जदार म्हणाली.

ही दातांची डॉक्टर, वय एकोणतीस. लग्नाला अकरा महिने झालेले, त्यातले आठ महिने नवरा तिकडे आणि ही इकडे. तिकडे दवाखाना करायचा तर एक परीक्षा द्यावी लागते, आणि ती तीन महिन्यांवर आली होती. अर्ज गेला की परीक्षा जाणार आणि आणखी वर्षभर संसार फोनच्या काचेवर चालणार.

पत्रासोबत माघारीच्या फॉर्मची झेरॉक्स होती. हा कोरा फॉर्म व्हिसा केंद्राच्या खिडकीवर कुणालाही मिळतो आणि भरून तिथल्याच पेटीत टाकता येतो. कुणीतरी तो बॉलपेननं, छापील इंग्रजी अक्षरांत भरला होता. छापील अक्षरं म्हणजे हस्ताक्षरानं घेतलेला बुरखा. कारण म्हणून 'वैयक्तिक' या चौकटीत खूण. पासपोर्टचा नंबर बरोबर. खाली सही.

"सही माझीच वाटते," ती म्हणाली. "शेपटीसकट. म्हणून तर भीती वाटतेय."

आमच्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "मी भरला नाही एवढंच लिहिलंत, तर ते विचारणार, मग कुणी भरला? ते सांगता आलं नाही, तर अर्जदार धरसोड करणारी आहे असा शेरा मारून मोकळे होतील. नंबर जुळतोय, सही जुळतेय. नावाच्या रकान्यात घोळ आहे खरा, पण तो ते तुमच्याच वेंधळेपणात जमा करतील."

"मलाही ते कळायलाच हवंय," ती म्हणाली. "माझ्याच घरातलं कुणीतरी माझी सही करतंय. कोण ते कळल्याशिवाय मी विमानात बसणार नाही."

साहेबांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. ऑफिसात मला मागून वेलांटीबाई म्हणतात, ते मला ठाऊक आहे. तीस वर्षं मुद्रितं तपासून मग या कामाला लागले, त्यामुळे चूक दिसली की मला अंगावर मुंगी चढल्यासारखं होतं. या फॉर्मवर नावाच्या रकान्यातच दोन मुंग्या होत्या. एक छोटी: आडनावाच्या शेवटी एक 'ए' जास्त. ती घाईत कुणाकडूनही होते, म्हणून मी सोडून दिली. दुसरी मात्र मुंगी नव्हे, मुंगळाच होता. पहिलं नाव तिचं, मधलं नवऱ्याचं आणि आडनाव माहेरचं.

आता मधल्या जागेवर लग्नाआधी बाप आणि लग्नानंतर नवरा, हे शाळेचा फॉर्म भरलेल्या कुणालाही कळतं. मधलं नाव आणि आडनाव जोडीनं राहतात किंवा जोडीनं जातात. ही अर्धी इकडची, अर्धी तिकडची बाई कुठल्याच दाखल्यावर नव्हती. ती फक्त एका कागदावर होती आणि तो कागद आमच्याच ऑफिसातून बाहेर पडला होता.

२

आमचा टायपिस्ट पंचेचाळिशीचा, कानात सदैव इयरफोन. त्याला बोलावलं तेव्हा त्यानं एकच काढला. दुसरा काढायला मी लावला.

"चूक माझीच होती," तो कुरकुरला. "पण तुम्ही पकडली ना दुसऱ्या दिवशी? मग विषय संपला."

विषय असा होता. पहिल्यांदा ही डॉक्टर सासूबाईंबरोबर आली आणि सासरचं नाव लावायचं म्हणून सांगून गेली. आठ दिवसांनी, एका बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत एकटीच आली. पदवी, नोंदणी, पासपोर्ट सगळं माहेरच्या नावावर आहे, तेव्हा तेच राहू द्या म्हणाली. टायपिस्टनं आडनाव बदललं आणि मधलं नाव बदलायचं विसरला. पासपोर्टच्या नंबरासकट अर्जाच्या दोन प्रती निघाल्या. एक ती तपासायला घेऊन गेली, एक माझ्याकडे आली. गुरुवारी चूक माझ्या नजरेला पडली. आमची प्रत मी स्वतः फाडली, दुरुस्त कागद पाठवले आणि तिला फोन करून सांगितलं, किरकोळ दुरुस्ती आहे, तुमच्याकडची प्रत फाडून टाका.

"आणि तुम्ही फाडली म्हणालात," मी तिला म्हटलं.

ती नखाकडे बघत राहिली. पेशंटच्या तोंडात बिनदिक्कत हात घालणारी बाई, पण स्वतःला तोंड उघडायला वेळ लावत होती.

"फाडली नव्हती. माझ्याकडे नव्हतीच."

"मग?"

"इथून निघाल्यावर फोटो काढून नवऱ्याला पाठवला. मग जाता जाता बाबांच्या दुकानात गेले आणि कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, बघा, आडनाव ठेवलंय. पेशंट खोळंबले होते, थांबले नाही."

"आणि सासूबाई?"

"त्यांना सांगितलं होतं की तुमचंच नाव लावतेय. नवऱ्याला सांगितलं होतं, अजून ठरवते आहे." तिनं वर पाहिलं. "रोज कोण वाद घालणार? तिघांना तीन उत्तरं दिली की घर शांत राहतं."

घर किती शांत राहिलं ते समोर फॉर्मवर दिसतच होतं.

"तुमची सही कुणाला जमेल?"

"कुणाला नाही. लहानपणापासून गिरवून गिरवून बसवलेली सही आहे ती."

ती गेल्यावर मी खिडकीपाशी उभी राहिले. चूक असलेला कागद वडिलांकडे, नवऱ्याकडे आणि नवऱ्याकडून बहुधा सासूबाईंकडेही पोचला असावा, हे कळलं होतं. पण तिघांना तीन उत्तरं देणारी बाई चौथं उत्तर मला देणार नाही कशावरून? तिकडे जायचं मनातून नको असेल आणि नाही म्हणायची सोय नसेल, तर स्वतःच फॉर्म भरून कानावर हात ठेवता येतात. पहिला संशय मी तिच्यावरच घेतला.

३

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या हॉलमध्ये बसल्यावर आपण गृहपाठ न करता आलोय असं वाटतं. त्यांनी पाणी दिलं, पंखा दोनवर केला आणि मला विचारलं, "तुम्ही पोलीस आहात का?"

"नाही. मी भाषांतर करते."

"मग विचारा. पोलीस असतात तर वकील बोलावला असता."

सुनेनं नाव बदललं नाही हे कधी कळलं, असं मी विचारलं.

"त्याच बुधवारी संध्याकाळी. मुलानं फोटो पाठवला. 'आई, चिडू नकोस' असं खाली लिहून. आता 'चिडू नकोस' म्हटल्यावर माणूस चिडणार नाही का?" त्यांनी ओठ घट्ट मिटले, मग पुन्हा उघडले. "तिनं माहेरचं नाव ठेवलं याचा राग नाही. मला तोंडावर 'हो आई' म्हणाली, त्याचा आहे. माझ्या शाळेत असं करणाऱ्या मुलीला मी वर्गाबाहेर उभी केली असती."

"फोटोत आणखी काही खटकलं?"

"आणखी? बाई, माझ्या मुलाचं नाव आणि पुढे तिच्या वडिलांचं आडनाव. क्षणभर वाटलं, आपला मुलगा त्या घरी दत्तक गेला आणि आपल्याला कुणी कळवलंही नाही." हे त्या हसून म्हणाल्या नाहीत.

मी माघारीच्या फॉर्मची झेरॉक्स पुढे केली. त्यांनी चष्मा बदलून ती वाचली. आत कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, पण त्या उठल्या नाहीत.

"तुम्हाला वाटतंय मी भरला."

"तुम्ही रागावला होतात."

"रागावले होते, अडाणी झाले नव्हते. मी तीस वर्षं मुलांचे दाखले लिहिलेत. खोटा फॉर्म भरायचाच असता तर आधी नाव दुरुस्त केलं असतं. हे असलं नाव मी माझ्या हातानं लिहीन?" त्यांनी कागद दोन बोटांनी परत केला. "आणि ती गेली नाही तर माझाच मुलगा तिकडे एकटा बसणार. मी नाकावर राग ठेवीन, पण मुलाच्या जेवणावर नाही."

पटण्यासारखं होतं. पण मुख्याध्यापिकांचं पटतंच, तीच तर त्यांची कला.

मी चपला घालत असताना त्या दारात येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्याच मुलाविरुद्ध सांगतेय असं समजू नका. पण त्याला एकदा विचारा, तिकडच्या दारावर त्यानं कुठलं नाव लावलंय."

४

नवरा फोनच्या काचेवर आला तेव्हा त्याच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी होती. मागे कुणीतरी मायक्रोवेव्हचं दार आपटत होतं. चेहरा झोप न झालेला.

"दारावर कुठलं नाव आहे?" मी सरळच विचारलं.

तो दचकला. "आईनं सांगितलं वाटतं." मग जरा थांबून म्हणाला, "माझं आडनाव. दोघांची नावं, एक आडनाव. भाडेकरारातही तेच. घर घेतलं तेव्हा तिचं काही ठरलं नव्हतं."

"तिला सांगितलंत?"

"राहून गेलं."

राहून गेलं हे दोन शब्द ऐकले की माझा संशय दुप्पट होतो. करारात एक नाव, अर्जात दुसरं. म्हणजे तिकडे पोचल्यावर याचीच पंचाईत. अर्ज मागे पडला तर नव्यानं, सासरच्या नावावर करता येईल, असं याच्या डोक्यात आलं नसेल?

मी तसं बोलून दाखवलं. तो चिडला नाही. थकलेली माणसं चिडत नाहीत.

"बाई, प्रायोजक मी आहे, तिला तिकडून बोलावणारा. माझ्या खात्यात लॉगिन केलं की एक बटण आहे, प्रायोजकत्व रद्द. मला नकोच असतं तर ते दाबलं असतं. इथून तिकडच्या पेटीत कागद टाकायला मी माणूस कुठून आणू? आईला सांगू? ती मलाच पट्टी मारेल."

"कागदाचा फोटो बघून काय वाटलं होतं?"

"हसलो. तिला लिहिलं, मला घरजावई केलंस की काय. तिनं उत्तर दिलं नाही, पेशंट असतील." त्यानं कपाळ चोळलं. "तुमच्या टायपिस्टची चूक असणार, हे लगेच कळलं. असं नाव कोण मुद्दाम लावेल?"

मी ते टिपून घेतलं. तो काचेच्या अगदी जवळ आला.

"तिला वाटतंय मीच केलं. पाच दिवस झाले, माझा फोन घेत नाही. अर्जाचं राहू द्या, पुन्हा करू. पण ती अशीच माझ्याकडे संशयानं बघणार असेल, तर व्हिसा मिळून तरी काय करायचंय?"

मायक्रोवेव्ह वाजला आणि त्याची सुट्टी संपली. दहातले चार दिवस आमचे गेले होते.

५

वडिलांचं दुकान दोन गाळ्यांच्या मध्ये दाबून बसवल्यासारखं होतं. पाट्या रंगवायचं दुकान. वर त्यांचं स्वतःचं आडनाव, मोठ्या देवनागरीत आणि खाली इंग्रजीत, लाल रंगावर पिवळी किनार. आत टर्पेंटाइनचा वास, भिंतीला टेकवलेल्या अर्धवट पाट्या: कुणी वकील, कुणी शिकवणी, कुणाचा 'कुत्र्यापासून सावध'.

ते एका निळ्या पत्र्यावर खडूची दोरी ताणून रेघ मारत होते. साठीचा सडपातळ माणूस, नखांच्या कडेला न जाणारा रंग. बायको गेली तेव्हा मुलगी चौथीत होती. तिथून पुढचे सगळे फॉर्म, सगळी प्रगतिपुस्तकं यांनीच भरली आणि यांनीच सही केली, हे मुलीनं मला फोनवर सांगितलं होतं.

"बसा. तो डबा सरकवा, सुकलेला आहे."

मी बसले. त्यांनी समोर पिनेनं लावलेल्या चिठ्ठीकडे एकदा पाहिलं, मग एक अक्षर काढलं. पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं.

"पाठ नाही होत?" मी विचारलं.

"पाठ होतं, पण विश्वास ठेवायचा नाही. गिऱ्हाइकाचं नाव चुकलं तर पाटीही गेली आणि गिऱ्हाईकही. चिठ्ठीत जे असेल ते. एकानं स्वतःचंच नाव चुकीचं लिहून दिलं होतं, मी तसंच काढून दिलं. चूक त्याची, अक्षर माझं."

मुलीनं आडनाव ठेवलं म्हणून बरं वाटलं असेल, असं मी म्हटलं.

"तिचं नाव, तिची मर्जी."

"कागद बघितलात ना तुम्ही?"

"नीट नाही बघितला. आडनाव तेवढं बघितलं." ब्रश थांबला नाही. "कामात होतो."

"कुठं आहे तो आता?"

"असेल कुठंतरी डब्याखाली."

त्यांनी फॉर्मची झेरॉक्स पाहिली आणि लगेच परत दिली. "वाईट झालं," म्हणाले. "पोरीनं अभ्यास केलाय परीक्षेचा."

आवाज खरा होता. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, याबद्दल मी आजही पैज लावीन. दुकानातून बाहेर पडताना मी मनातल्या मनात त्यांच्या नावावर काट मारली. सासूबाईंना राग होता, नवऱ्याची अडचण होती, बापाला मात्र हवं तेच मिळालं होतं. तो कशाला अर्ज बुडवील? आणि नावांवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या हातून असलं नाव लिहिलं जाणार नाही.

सहाव्या दिवशी माझ्याकडे तीन निरपराध माणसं होती आणि एक खोटी सही.

६

सोमवारी, सातव्या दिवशी, साहेबांनी निर्णय घेतला. कोण ते कळत नसेल तर न कळताच हरकत पाठवू. टायपिस्ट मसुदा घेऊन बसला आणि थोड्या वेळानं त्यानं दोन्ही कानांतले इयरफोन आपणहून काढले. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

"वेलां... बाई, आडनावाच्या शेवटी 'ए' घालू की नको? पासपोर्टवर नाहीये, माझ्या चुकीच्या प्रतीतही नव्हता. या माघारीच्या फॉर्मवर आहे."

"नको," मी म्हटलं. आणि मग म्हटलं, "थांबा."

फॉर्म भरणाऱ्यानं नाव आमच्या चुकीच्या प्रतीवरून उतरवलं, नाहीतर ती खिचडी त्याला सुचलीच नसती. पहिलं नाव उतरवलं, जसंच्या तसं. मधलं उतरवलं, जसंच्या तसं. आडनावाशी आल्यावर मात्र त्याच्या हातानं कागदात नसलेलं अक्षर घातलं. का? कारण आडनाव त्यानं कागदात बघून लिहिलंच नाही. बघायची गरजच वाटली नाही. दुसऱ्याचं नाव माणूस चिठ्ठीत बघून लिहितो. स्वतःचं बघून कोण लिहितं?

माझ्या डोळ्यांसमोर लाल रंगावरची पिवळी किनार आली. खालची इंग्रजी ओळ. शेवटी 'ए'.

तरी एक गाठ सुटत नव्हती. ते नाव ज्यानं ज्यानं पाहिलं तो चमकला होता. सासूबाई चिडल्या, नवरा हसला, दोघांनाही चूक कळली. खोटा फॉर्म भरणारा माणूस तो पास व्हावा म्हणून भरतो, मग कळलेली चूक त्यात कशाला ठेवील? ज्याला ती चूक वाटलीच नाही, तोच ठेवील. चिठ्ठीत जे असेल ते गिऱ्हाइकाच्या मर्जीचं, असं मानणारा.

आणि तिघांपैकी एकानंच मला सांगितलं होतं की त्यानं कागद नीट बघितला नाही. चिठ्ठीकडे अक्षरागणिक मान वळवणाऱ्या माणसानं.

मी मुलीला फोन लावला. "तुम्ही म्हणालात सही गिरवून बसवली. कशावरून गिरवली?"

पलीकडे दाताला भोक पाडणारं यंत्र थांबलं.

"प्रगतिपुस्तकावरून," ती म्हणाली. "बाबांच्या सहीवरून. मला ती फार आवडायची. मी फक्त पहिलं अक्षर माझं घातलं." हातमोजे ओढून काढल्याचा आवाज आला. "मी येते."

७

आम्ही तिघं दुकानात होतो. तिनं आत येऊन शटर अर्धं खाली ओढलं. त्यांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये टाकला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "हो. मीच."

"का?" ती म्हणाली.

त्यांनी टेबलाचा खण उघडला. कागद डब्याखाली नव्हताच. चार घड्या घातलेला, वर दुसरा कोरा कागद गुंडाळलेला.

"तू ठेवून गेलीस. मी हात पुसून घेतला वाचायला. म्हटलं, नीट वाचू." त्यांनी मधल्या रकान्यावर बोट नेलं, टेकवलं नाही. "आडनाव काय गं, गावभर असतं. माझ्या चुलत्याचं तेच, त्या चुलत्याशी मी वीस वर्षं बोललो नाही. माझी जागा ही होती. तुझ्या पाटीवर, तुझ्या पदवीवर, बालवाडीपासून मी इथं बसलेलो होतो. तू आडनाव ठेवलंस आणि मला उठवलंस. त्याला बसवलंस. म्हटलं, सरळ सासरचं नाव लावलं असतंस तर चाललं असतं. रीत म्हणून सोडून दिलं असतं. पण हे तू निवडून केलंस असं वाटलं."

"बाबा, मी नाही केलं ते."

"तुझ्या हातानं टेबलावर ठेवलंस."

"टायपिंगची चूक होती ती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. मी इतकंच सांगते की मला तिथून पळून जावंसं वाटलं, कारण पुढचं वाक्य माझं होतं.

"दुसऱ्या दिवशी मी यांना फोन केला होता," मी म्हटलं. "किरकोळ दुरुस्ती, एवढंच सांगितलं. कशाची दुरुस्ती, ते सांगितलं नाही. मधलं नाव चुकलंय असं म्हटलं असतं, तर यांनी तुम्हाला फोन केला असता."

"केला असता," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात माया नव्हती. "आणि तुम्ही, बाबा? तुमचा राग आला तर तो कागदावर काढायचा? मी दोन गल्ल्यांवर बसते. सही करण्याआधी मला विचारायचं तरी. मी आठवडाभर नवऱ्याला चोर समजले. त्याचा फोन घेतला नाही. सासूबाईंच्या हातचा चहा प्यायले नाही."

"पेटीत टाकला आणि परत आलो," ते म्हणाले. "त्याच संध्याकाळी परत मागायला गेलो होतो. खिडकी बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी गेलो तर म्हणाले, अर्जदारालाच यावं लागेल. तुला सांगायला तोंड नव्हतं."

ते कोऱ्या कागदावर लिहायला बसले. साहेबांनी फोनवर मला सांगून ठेवलं होतं, म्हणून लिहायला सुरुवात करण्याआधी मी वडिलांना बाहेर ओट्यावर नेलं आणि स्पष्ट केलं: खोटी सही कबूल करणाऱ्या माणसाची तिकडे कायमची नोंद होते. मुलगी जाईल, पण तुम्ही तिला भेटायला कधीही जाऊ शकणार नाही. व्हिसा मिळणार नाही.

"कधीच?"

"कधीच."

"तिला सांगू नका," ते म्हणाले आणि आत जाऊन लिहायला लागले. चार ओळी अशा: मुलीनं माझं नाव काढलं असा माझा समज झाला. मी तिला विचारलं नाही. फॉर्म मी भरला, सही मी केली. तिचा यात काही दोष नाही.

मुलीनं कागद वाचला. मग माझ्याकडे वळली.

"यामुळे बाबांना काही त्रास नाही ना होणार?"

ते माझ्याकडे बघत होते. नजरेत विनवणी होती, आणि ती मोडायला मला आवडलं असं नाही. पण गेले सात दिवस मी न सांगितलेल्या गोष्टीच वेचत फिरले होते, त्यातली एक माझी स्वतःची होती. आणखी एक जमा करायची माझ्यात ताकद नव्हती. मी सांगून टाकलं.

ती त्या सुकलेल्या डब्यावर बसली. बाहेर एक गिऱ्हाईक वाकून डोकावलं आणि निघून गेलं. तिला कागद फाडता आला असता. अर्ज वर्षभर लांबला असता, परीक्षा गेली असती, पण बापाचा रस्ता उघडा राहिला असता. तिनं हे सगळं मोजलं असणार, कारण कागद दोनदा तिच्या हातात घट्ट झाला आणि दोनदा सैल झाला. मग तिनं तो मला दिला.

"म्हणजे मलाच यावं लागणार," ती वडिलांना म्हणाली. "दर वर्षी. आणि मी येईन तेव्हा असं तोंड पाडून बसायचं नाही."

"नाही बसणार."

"मी अजून रागावलेली आहे."

"हो."

तिनं फोन काढला आणि नवऱ्याला लावला. पहिली रिंग जाते न जाते तोच पलीकडून तिचं नाव घेतलं गेलं, इतकं घाईनं की मलाही ऐकू आलं. तिनं तोंड उघडलं, मग मिटलं. फोन वडिलांच्या हातात दिला. "तुम्ही सांगा त्याला. सगळं."

त्यांनी रंगाचे हात विजारीला पुसले. जावयाशी हा माणूस लग्नानंतर चार वाक्यांच्या वर बोलला नव्हता. त्यांनी फोन कानाला लावला, घसा खाकरला, आणि पलीकडून कोण बोलतंय असं विचारलं गेलं.

"मी," ते म्हणाले. "तिचा बाप बोलतोय."